हलकं नगर

पाना,

हे तू वाचणार नाहीस. सूचना, पत्रकं, पत्रं यांतलं लोक काहीही वाचत नाहीत हे मला तूच शिकवलंस, आणि त्या लोकांत तुझा नंबर पहिला. तरी लिहिते. मधूनमधून तुला ठाऊक असलेलंच सांगेन, ते गाळ. चोवीस वर्षं मी पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या, नवा पंप घरी आणून त्याच्याकडे बघत उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसासाठी. ती सवय जात नाही. हा कागदही तुझ्याऐवजी कुणा अनोळखी माणसाच्याच हाती पडणार, तर त्यालाही सगळं कळायला हवं.

तुझे वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. चार वर्षांचा असताना त्यांच्या पेटीतला सगळ्यांत लहान पाना तू उचललास आणि मुठीत धरून झोपायला लागलास. माझी बहीण, म्हणजे तुझी आई, तो काढून घ्यायला गेली की घर डोक्यावर घ्यायचास. तेव्हापासून तू पाना. खरं नाव फक्त सरकारी कागदांना माहीत आहे.

पुढे टाइपरायटर गेले. तुझे वडील मात्र आणखी चार वर्षं रोज सकाळी दुकान उघडायचे, कुणीच न्यायला न आलेल्या यंत्रांना तेल घालायचे, संध्याकाळी दुकान बंद करायचे. तू शाळेतून येऊन त्यांच्याशेजारी बसायचास. त्या चार वर्षांतून तू काय शिकलास ते मला फार उशिरा कळलं. मला वाटलं होतं, हा पोरगा नोकरी धरेल आणि सोडणार नाही.

धरलीस. विमा कंपनीच्या कचेरीत दोनशे कॉम्प्युटर सांभाळायचं काम, अकरा वर्षं. दर पाच वर्षांनी कंपनी सगळी यंत्रं मोडीत काढायची. तू साहेबाकडून लेखी परवानगी घेऊन त्यांतली बरी बरी घरी आणायचास. तुझ्या बायकोने तेव्हाच विचारलं होतं, "झोपायचं कुठे, ह्यांच्यावर?" मग कंपनीने भाड्याची यंत्रं घेतली, भाड्याबरोबर दुरुस्तीवालाही आला आणि तुला निरोप मिळाला.

तू दुकान घेतलंस. जिन्याखालची खोली, शिंप्याच्या शेजारी. छत तिरकं, त्यामुळे पुढच्या तीन फुटांतच सरळ उभं राहता येई. मागे जायचं तर कमरेत वाकायचं. पाटी स्वतः रंगवलीस: 'जुन्या कॉम्प्युटरवर गेम'.

शिंपी तोंडातली टाचणी काढून म्हणाला होता, "लोकांना वाटेल तुझ्याकडे जुने गेम मिळतात."

"वाटू दे मास्तर. आत आले की सांगतो."

"आत आल्यावर डोकं आपटेल, मग काय ऐकणार?"

काम मी बघितलंय म्हणून लिहिते. कचेरीतला डबा म्हणजे पत्र्याची चपटी पेटी. तिचा पॉवर सप्लाय अशक्त; त्यावर फक्त हिशेब आणि पत्रव्यवहार चालावा अशी ती बनवलेली. गेम खेळायचा तर ग्राफिक्स कार्ड हवं, आणि चांगल्या कार्डाला स्वतंत्र वायर लागते, जी त्या पेटीत नसते. शिवाय कार्ड उंच, पेटी बुटकी. तू अर्ध्या उंचीची, वायर न लागणारी जुनी कार्डं कुठून कुठून शोधून आणायचास. धूळ ब्रशने काढायचास, चिपवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळलेली असे, ती खरवडून नवी लावायचास, मग अर्धा तास मशीन चालवून पेटीवर तळहात ठेवायचास, ताप बघावा तसा.

आणि गिऱ्हाइकाला खरं सांगायचास. इथेच तुझा धंदा बुडत होता. एक कॉलेजातली मुलगी आली होती, मी स्टुलावर बसले होते.

"दादा, तो नवा लढाईचा गेम चालेल ना ह्याच्यावर?"

"चालेल."

"नीट?"

"तुझा सैनिक दार उघडेपर्यंत शत्रू म्हातारा झालेला असेल."

"मग काय चालेल?"

"दहा वर्षांपूर्वीचं सगळं चालेल. त्यात काही वाईट नव्हतं."

ती हसली आणि गेली ती गेलीच. मी म्हटलं, थोडं गोड बोलावं माणसाने. तू म्हणालास, "पंपबाई, पाणी चौथ्या मजल्यावर चढत नसेल तर तू पुस्तिकेत चढतं असं लिहायचीस का?" पंपबाई म्हणायचास मला. मावशीला पंपबाई म्हणणारा भाचा, आणि मी ते चालवून घेत असे.

मग तो नगर वसवायचा गेम आला. रस्ते आखायचे, घरं बांधायची, पाणी द्यायचं, लोक येऊन राहतात. चार-चार वर्षं माणसं एकच नगर वाढवत बसतात. गेम सुंदर, पण जड. प्रत्येक घराचं कौल न् कौल रंगवलेलं, धूर वेगळा, सावली वेगळी. तुझ्या जुन्या डब्यांवर वस्ती दहा हजारांच्या वर गेली की सगळं गोगलगाय व्हायचं. म्हणून तू मॉड करायला घेतलास. मॉड म्हणजे दुसऱ्याने बनवलेला गेम उसवून त्यात आपला तुकडा बसवणं. शिंप्याने ते एका वाक्यात समजून घेतलं: "म्हणजे शर्ट कंपनीचा, बटणं आपली."

तू बटणं बदलून थांबला नाहीस, सगळा शर्ट शिवलास. त्या नगरातली प्रत्येक इमारत तू नव्याने काढलीस, आधी सगळ्या तपशिलांसकट जड, मग तीच हलकी करत आणलेली: कमी कोपऱ्यांची, म्हणजे मशीनला भार कमी, लहान चित्रांची, दुरून तशीच दिसणारी. अकराशेच्या वर इमारती, सहा वर्षं, एक गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं यायचंय एवढ्या वेळात. नाव दिलंस 'हलकं नगर'. त्यात आपलंही घातलंस. माझ्या पंपांच्या कारखान्याचं फाटक, शिंप्याचं दुकान अर्ध्या शटरसकट, माझी इमारत आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माझी खुर्ची.

"खुर्चीत मी का नाही?" मी विचारलं.

"माणसाला कोपरे फार लागतात मावशी. खुर्ची बाराएक कोपऱ्यांत होते."

तुझी बायको तेव्हा रक्त तपासण्याच्या लॅबमधून तुझा जेवणाचा डबा द्यायला आली होती. ती म्हणाली, "ह्यांच्या नगरात माझं घर आहे का विचारा."

"आहे," तू म्हणालास.

"भाड्याचं की स्वतःचं?"

तू माऊस हलवत राहिलास. घर तिच्या पगारावर चालत होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मॉडबरोबर जायचं सूचनापत्रक मी लिहिलं, इंग्रजीत आणि खाली मराठीत. पहिली ओळ माझ्या हट्टाची: 'आपल्या नगराची प्रत आधी दुसरीकडे ठेवा, मगच पुढे जा.' पंपांच्या पुस्तिकेतही पहिली ओळ धोक्याची असायची, वीज बंद करा. मराठी भागात शेवटी तू माझ्या नकळत दोन ओळी घातल्यास. 'काही अडलं तर शिंप्याच्या शेजारी जिन्याखालच्या दुकानात या.' आणि त्याखाली, 'सूचना: मावशी'.

चाळीस हजार लोकांनी तो मॉड इंटरनेटवरून उतरवून घेतला. फुकट, कारण मॉड विकायचा नाही हा गेमच्या कंपनीचा नियम. कुठल्या कुठल्या देशांतले लोक, सगळे तुझ्यासारखेच, जुन्या डब्यांवर बसलेले. आणि दर तीन-चार महिन्यांनी कंपनी गेमचं नवं अपडेट सोडायची. ते आपोआप उतरायचं, गेमची आतली मापं बदलायची आणि तुझी घरं बसेनाशी व्हायची. मग तीन आठवडे तू फक्त डागडुजी करायचास, आणि ते चाळीस हजार तुला शिव्या द्यायचे. आळशी, चोर, लबाड. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर माणूस इतका कधी चिडत नाही.

एकदा जवळच्या हॉस्पिटलातली एक नर्स चादरीत गुंडाळून कॉम्प्युटर घेऊन आली. तूच जोडून दिलेला. तिच्या सुटीच्या दिवसांतून तिने चार वर्षं एक नगर वाढवलं होतं.

"दादा, माझं गाव गेलं."

"काय झालं?"

"सकाळी उघडलं तर म्हणे अनोळखी वस्तू सापडल्या, काढून टाकल्या. आणि तसंच सेव्ह झालं, त्याच्यावरच."

"प्रत आहे?"

"कसली प्रत?"

"सिस्टर, पत्रकाची पहिली ओळ वाचली नाहीत?"

"मी दिवसभर औषधांच्या बाटल्यांवरच्या ओळी वाचते. घरी येऊनही वाचू?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी शिंप्याकडे बघितलं. नऊ दिवस खटपट करून तू तिला रस्ते परत मिळवून दिलेस. घर एकही नाही. कॉम्प्युटर पुन्हा चादरीत गुंडाळत ती म्हणाली, "रस्ते आहेत ना, मग बांधते पुन्हा." बाई मला आवडली.

मग चोरी झाली. कुणीतरी अख्खं हलकं नगर उचललं, नाव बदललं आणि स्वतःचं म्हणून चढवलं. तू मला फोन करून बोलावलंस आणि पडद्यावर दाखवलंस. चोराने इंग्रजीतली नावं पुसली होती. मराठी त्याला वाचता येत नसावं, तो भाग शोभेचा समजून त्याने तसाच ठेवला. जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेला तो चोर आपल्या गिऱ्हाइकांना सांगत होता, काही अडलं तर शिंप्याच्या शेजारी जिन्याखालच्या दुकानात या. सूचना: मावशी. आपण तिघंही पोट धरून हसलो. शिंपी म्हणाला, "पाठवू दे लोक, मी माझीही पाटी मोठी करतो."

हसणं महिनाभर टिकलं. गेमच्या कंपनीने जाहीर केलं की दहा मॉड निवडून खुद्द गेममध्येच घेणार, बनवणाऱ्याचं नाव सुरुवातीच्या पडद्यावर, आणि वर्षाचा पगारी करार. तू अर्ज केलास. चोरानेही केला. कंपनीने दोघांना एकच पत्र पाठवलं: मूळ आराखडे दाखवा, हलके करण्याआधीचे, तारखांसकट. मुदत शुक्रवार संध्याकाळ. तू पत्रकातल्या मावशीचा पुरावा दिलास; लिखित मजकूर किंवा आधी चढवल्याची तारीख पुरावा म्हणून धरता येत नाही असं उत्तर आलं.

आता तुझी चूक लिहिते, कारण माझी त्यानंतर येते. प्रत्येक इमारत पूर्ण झाली की तिचा मूळ, जड आराखडा तू एका हार्ड डिस्कवर टाकायचास आणि ती डिस्क माझ्या घरी ठेवायचास. एक प्रत दुसऱ्या छपराखाली हवी, हे तुझं तत्त्व. दोन-दोन महिन्यांनी यायचास, माझ्या टेबलाचा खालचा खण ओढायचास, डिस्क भरायचास, गुडघ्याने खण परत ढकलायचास. तो जाम होतो. पण दुसऱ्यांना मशीनं जोडून देणाऱ्या तुझ्या स्वतःच्या मशीनमध्ये सगळं उरलंसुरलं सामान होतं. जागा पुरेना तेव्हा दुकानातले आराखडे तू पुसत गेलास. माझ्याकडे आहेत ना, म्हणून. प्रत म्हणून ठेवलेली गोष्ट हळूहळू एकुलती एक झाली. लोकांना पहिली ओळ वाचा म्हणून सांगणाऱ्या माणसाने ती स्वतः पाळली नव्हती.

मंगळवारी तुझा फोन आला. "मावशी, खालच्या खणातली डिस्क हवीय. येतो मी."

"तू काम सोडून येऊ नकोस. गुरुवारी मला डोळे तपासायला तिकडेच यायचंय, येताना आणते."

"नक्की?"

"चोवीस वर्षं कारखान्यात वेळेवर गेलेली बाई आहे मी."

बुधवारी दुपारी तुझी बायको आली. लॅबमधून सरळ, पांढरा कोट पिशवीत कोंबलेला. पाणी प्यायली आणि बसली.

"हॉस्पिटलात रेकॉर्ड रूमला माणूस हवाय, कॉम्प्युटर सांभाळणारा. कायम नोकरी. सिस्टरनेच सांगितलं, ओळखही देतेय. शुक्रवारी दहाला भेटायला जायचंय."

"मग?"

"हे जाणार नाहीत. म्हणतात, कंपनीचं उत्तर येऊ दे."

"आणि करार मिळाला तर?"

"तर एक वर्ष. आणि दर अपडेटला तीन आठवडे, शिव्या, पुन्हा पुढचं अपडेट." तिने पेला खाली ठेवला. "मावशी, तुम्ही ह्यांच्या वडिलांना दुकानात बसलेलं बघितलंय. मी त्यांना कधी भेटले नाही. पण मला ते रोज दिसतात."

डिस्क नेऊ नका असं ती म्हणाली नाही. डिस्कचा विषयही तिने काढला नाही. तिला ठाऊक होती की नव्हती, मी कधी विचारलं नाही. हे तिच्या बाजूने लिहून ठेवते. जे केलं ते मी केलं.

गुरुवारी मी डोळे तपासून दुकानात आले. तू आधी माझ्या हातांकडे बघितलंस, मग पिशवीकडे.

"सापडत नाही," मी म्हटलं.

"खालचा खण?"

"बघितला."

"टेबलामागे पडली असेल. मी येऊन शोधू?"

"घर पालथं घातलंय मी. कपाटं, पेट्या, सगळं. रद्दीबरोबर गेली असणार."

शेजारचं शिलाई मशीन थांबलं. तुला माझ्यावर ओरडायला हवं होतं. चारचौघांसारखा ओरडला असतास, तर काय भरवसा, दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क सापडलीही असती. तू स्टूल पुढे सरकवलंस. "जाऊ दे मावशी. तू दमलीयस, बस." डोळ्यांत औषध घातल्यामुळे मला तुझा चेहरा धूसर दिसत होता, आणि त्याबद्दल मी त्या डॉक्टरची आभारी आहे.

शुक्रवारी सकाळी तू हॉस्पिटलात गेलास. वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारी, होतं तेवढं कंपनीला पाठवलंस. नोकरी तुला त्याच आठवड्यात मिळाली. कंपनीचं उत्तर महिन्याने आलं. मालकी कुणालाच सिद्ध करता आली नाही, सबब दोन्ही नाकारले; आणि वाद असलेला मॉड ठेवायचा नाही असा नियम असल्याने दोन्ही काढून टाकले. तुझा आणि चोराचा, एकाच ओळीत. ही दुसरी गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. मला वाटलं होतं, तुझा करार जाईल. नगर जाईल असं वाटलं नव्हतं. पुढच्या अपडेटला चाळीस हजार लोकांची घरं पडली आणि डागडुजी करायला कुणी नव्हतं. नर्सचं दुसरं गावही गेलं. या वेळी तिने प्रत ठेवली होती. तिचा उपयोग नव्हता, कारण प्रतीतली घरं बसवणारा मॉडच राहिला नव्हता. सुटीच्या दिवशी तरी तू दुकान उघडत असशील म्हणून तिने रविवारी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून पुन्हा आणला, तर जिन्याखाली आता शिंप्याचे कापडाचे तागे.

तुझं बरं चाललंय. इस्त्रीचा शर्ट घालतोस, पगार तारखेला येतो, पोट थोडं सुटलंय. तुझी बायको आता हसते, आणि तिचं हसणं इतकं छान आहे हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. मी बरोबर केलं असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही आठवड्यातले चार दिवस वाटतं. फक्त तू मला आता पंपबाई म्हणत नाहीस. "हो मावशी. नाही मावशी. औषध घेतलंस का मावशी." परक्या म्हातारीशी बोलावं तसा तू माझ्याशी नीट बोलतोस.

नोकरीला वर्ष होत आलं होतं तेव्हा तू जोडून दिलेलं माझं कॉम्प्युटरचं मशीन घरघरायला लागलं. मी सांगितलं नव्हतं, तुझ्या बायकोने सांगितलं असणार. रविवारी सकाळी तू आलास, पेटी उघडलीस, ब्रश काढलास. मी चहा टाकायला आत गेले.

"मावशी, बारीक स्क्रू ड्रायव्हर?"

"वरच्या खणात," मी आतून म्हटलं.

आणि मला खालचा खण ओढल्याचा आवाज आला. सहा वर्षांची तुझी सवय, हात आपोआप तिकडे गेला. मग काहीच ऐकू आलं नाही. चहा वर आला, मी गॅस बारीक केला, पुन्हा वर आला. मग गुडघ्याचा धक्का आणि खण बंद. मग वरचा खण उघडल्याचा आवाज.

मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा तू स्क्रू पिळत होतास.

"पंख्यात धूळ होती. अजून पाच वर्षं जाईल हे."

चहा प्यायलास. बशीत सांडलेला थेंब रुमालाने पुसलास. दारात चपला घालताना म्हणालास, "खण फार जाम होतो. मेण लाव त्याला." आणि जिना उतरून गेलास.

त्याला दोन वर्षं होतील. तू गेलास त्याच दिवशी मी डिस्क खणातून काढून कापडी पिशवीत घातली. पिशवी दाराशी खिळ्याला आहे, येता-जाता खांद्याला लागते. तुझं हॉस्पिटल बसने तीन स्टॉप, रेकॉर्ड रूम पाचपर्यंत उघडी. मागच्या गुरुवारी फाटकापर्यंत नेली. रखवालदाराने विचारलं, "आजी, कुणाला भेटायचंय?" मी म्हटलं, रक्त तपासायचंय. त्याने खिडकी दाखवली. मी रांगेत उभी राहिले, रक्त दिलं, कापूस दाबून धरला आणि पिशवी घेऊन परत आले. रिपोर्ट न्यायला सोमवारी या म्हणाले होते. तेव्हा तरी नेऊन देईन म्हटलं होतं. आज बुधवार आहे.